मागचा अ‍ॅक्सल तेवढा

माझी आत्या आमच्या घरी आली ती चार दिवसांसाठी. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला माझ्या वेण्या घालता येत नव्हत्या, आणि बाबांना तर घरातलं काहीच येत नव्हतं. ते मालट्रकवर होते, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आत्या नर्सिंगचं शिक्षण अर्धवट टाकून आली आणि म्हणाली, जरा घडी बसली की परत जाते. घडी बसली, चांगलीच बसली, आणि मग तिला जायचं होतं हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

तिला झोपायला मधली खोली मिळाली. खोली म्हणजे काय, पुढच्या खोलीतून मोरीकडे जायची वाट. तिथे भिंतीला लागून एक अरुंद खाट. बाबा रात्री-बेरात्री गाडीवरून आले की तिच्या पायथ्यावरून जायचे, मी शाळेच्या घाईत तिच्या उशाशी बूट घालायचे. त्या खोलीला दार असं नव्हतंच, दोन्हीकडे नुसत्या चौकटी. कपडे बदलायचे तर मोरीत, रडायचं तरी मोरीत. ती किती वेळा रडली मला माहीत नाही, पण मोरीत तिला कधीकधी फार वेळ लागायचा आणि बाबा बाहेरून विचारायचे, "अगं, झालं का?"

बाबा तिला 'अगं' म्हणूनच हाक मारत. गल्ली तिला आत्या म्हणे. भाजीवाला तिच्याहून वयाने मोठा, पण तोही "आत्या, आज कोबी घ्या" म्हणायचा. सगळ्या जगाची आत्या झाली की माणसाचं स्वतःचं असं काही उरत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर माझं लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले होते आणि माझ्या घराला मात्र सगळ्या खोल्यांना दारं होती.

बाबा निवृत्त झाले आणि आमच्या मागच्या अंगणात म्हातारी आली. म्हातारी म्हणजे बाबांनी उमेदीच्या काळात चालवलेला ट्रक. कंपनीने तो भंगारात काढला होता. बाबांनी भंगारवाल्याकडून तो ओढून आणला आणि जाहीर केलं की आपण तो होता तसा करणार. लांब नाकाची ती गाडी, दिव्यांच्या जागी दोन भोकं, टपावर गवत उगवलेलं. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, "दादा, हिला घरात घ्यायची की बाहेरच ठेवायची?" बाबा हसले. तेव्हा ते हसत असत.

उघडणं आणि बसवणं बाबांचं काम. पण त्यांची नजर जवळचं धरेना आणि बोटं थरथरायला लागली होती, त्यामुळे धुण्यापुसण्याचं बारीक काम आपोआप आत्याकडे आलं. आपोआप म्हणजे कुणी विचारलं नाही. एक दिवस ती अंगणात भांडी घासत बसली होती, बाबांनी भांड्यांच्या शेजारी ब्रेकचे काही सुटे भाग ठेवले आणि म्हणाले, "हात ओलेच आहेत तर एवढंही बघ." तिने बघितलं. आणि तिने ते असं काही बघितलं की बाबा त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात.

खरं सांगायचं तर तिचं काम बघत बसावं असं होतं. ग्रीस इतक्या वर्षांत वाळून काळ्या चिकट गुळासारखं झालेलं असायचं. ते ती लाकडाच्या चिपेने खरवडायची, कारण लोखंडाने खरवडलं तर ओरखडे उठतात. मग रॉकेलच्या पहिल्या परातीत भिजवायचं, ब्रशने घासायचं, मग दुसऱ्या परातीत स्वच्छ रॉकेलमध्ये. ब्रश म्हणजे घरातले सगळे निवृत्त टूथब्रश. मोठे भाग, जाड दांडे आणि झाकणं, शेवटी उकळत्या सोड्याच्या पाण्यातून काढायचे, की तेलाचा अंशही राहत नाही. ते पाणी फार वाईट, कातडी सोलून काढतं. त्यासाठी तिचे रबरी हातमोजे होते. बेअरिंगला मात्र पाणी दाखवायचं नाही. बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये थेंब राहिला तर आतून गंज धरतो आणि रस्त्यात चाक दगा देतं. हा बाबांचा नियम, आणि ते तो देवाचं नाव घ्यावं तसा सांगायचे. सगळं उन्हात सुकलं की प्रत्येक भागावर पातळ तेलाचा हात फिरवायचा. सोड्यातून निघालेलं उघडं लोखंड रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी लाल झालंच म्हणून समजा.

मग ते सगळं जुन्या चादरीवर मांडायचं. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, एकमेकांवर झिजलेल्या जोड्या शेजारीशेजारी. "जोडी मोडायची नाही," बाबा म्हणायचे. "वर्षानुवर्षं एकमेकांवर घासलेली असतात. एक बदललं की दुसरं ओरडायला लागतं."

आत्या मान डोलवायची आणि पाट पुढे सरकवायची.

त्या उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला. दोघी बरोबर शिकायला होत्या. मैत्रिणीने शिक्षण पुरं केलं, नोकरी केली, आणि आता ती दुसऱ्या गावी नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह चालवत होती. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. सिस्टरला वसतिगृहात राहून मुलींकडे लक्ष देणारी बाई हवी होती. पगार बेताचा, पण जेवण आणि खोली. आत्याने फोन ठेवला, पोळपाटाशी गेली, परत आली आणि मला म्हणाली, "खोलीला आतून कडी आहे म्हणे."

एवढंच बोलली. मला पुढचं काही विचारायची गरज पडली नाही.

आता मी काही दूधखुळी नाही. आत्या गेली की बाबा माझ्या गळ्यात पडणार, त्यांचं जेवणखाण, औषधं, त्यांची ती म्हातारी, सगळं माझ्याकडे येणार, हे मला त्याच मिनिटाला दिसलं. पण तिचा चेहरा बघून मी म्हटलं, जा. आणि मनापासून म्हटलं.

बाबांना तिने संध्याकाळी सांगितलं. ते गाडीखाली होते, फक्त पाय बाहेर. पाय काही वेळ हलले नाहीत. मग खालून आवाज आला, "जा ना. मी कुठे अडवलंय? फक्त मागचा अ‍ॅक्सल तेवढा होऊ दे."

मला ते वाजवीच वाटलं तेव्हा. पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल झालाच होता, मागचा राहिला होता. चाकं काढून गाडी लोखंडी घोड्यांवर उभी होती. आत्या जोमाने कामाला लागली. तिने चाकांच्या मधले हब धुतले, ब्रेकचे ड्रम धुतले, दोन्ही बाजूंचे लांब दांडे आरशासारखे केले. आठवडाभरात काम संपत आलं, तर एक दिवस मी गेले आणि बघते, बाबांनी अ‍ॅक्सलच्या मधला मडक्यासारखा गोल भागही उघडून ठेवलेला, आत दातांची मोठी चाकं काळ्या तेलात बुडालेली.

"बाबा, हे ठीक चालत होतं ना? बिघडलंय काय यात?"

"उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग उघडलंत. काय बिघडलंय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "पण आता उघडलंच आहे तर धुवायला नको?"

मी आत्याकडे बघितलं. ती हातमोजे चढवत होती. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. बाबांचा नाही, तिचाच. हो म्हणायची सवय हाडात मुरलेली असते काही बायकांच्या. त्यांना हलवून हलवून जागं करावंसं वाटतं. मी तसं तिला बोललेही. ती म्हणाली, "तू चिडू नको गं. सिस्टरने सांगितलंय, रविवारी संध्याकाळपर्यंत पोच, सोमवारी मुली येणार. नाही आलीस तर दुसरी बाई तयार आहे. मी शनिवारी संपवते सगळं. कसंही करून संपवते."

शनिवारी मीही पदर खोचून बसले. ती मला फक्त पुसायला द्यायची, ब्रश देत नव्हती. बाबा खुर्ची टाकून शेजारी. अधूनमधून एखादा भाग हातात घ्यायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, लांब धरायचे आणि म्हणायचे, "इथे जरा राहिलंय." राहिलेलं नसायचं. आत्या तो भाग परत घ्यायची, पुन्हा ब्रश फिरवायची, परत द्यायची. असं चारदा झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमच्या आंघोळीकडे तुम्ही इतकं लक्ष दिलंत तर गल्ली दुवा देईल." आत्याला हसू फुटलं. बाबांना नाही.

"तिकडे काय करणार तू?" त्यांनी अचानक विचारलं. तिच्याकडे न बघता, हातातल्या दातेरी चाकाकडे बघत.

"मुलींवर लक्ष ठेवणार."

"परक्या मुलींवर."

"हो."

"आणि इथे?"

आत्या ब्रश झटकत म्हणाली, "इथे आता लहान कोण आहे, दादा?"

त्यावर बाबांनी चाक खाली ठेवलं आणि ते आत निघून गेले. संध्याकाळी उजेड होता तोवर आत्याने शेवटचा दांडा सुकवला, सगळ्यावर तेलाचा हात फिरवला. मी स्वतः तिच्या शेजारी बसून बघितलंय. झाकणं, हब, दांडे, दातेरी चाकं, बेअरिंग, अगदी कागदाइतक्या पातळ चकत्यासुद्धा. चादरीवर सगळं जोडीजोडीने मांडलं, वरून दुसरी चादर पांघरली. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लग्नघरातलं काम उरकल्यावर बाई उभी राहते तशी, दमलेली आणि जराशी ऐटीत. "झालं," ती म्हणाली. "दादा, झालं हं!"

रविवारी सकाळी मी तिला बसवर सोडायला म्हणून गेले. बस दुपारची होती, पण मला राहवेना. तिची बॅग खाटेवर भरून ठेवलेली. आत्या आणि बाबा दोघंही अंगणात होते. चादर बाजूला केलेली. आणि चादरीवरचं लोखंड लाल झालं होतं.

सगळीकडून लाल. दांडे, झाकणं, हब, ती मोठी दातेरी चाकं. बारीक भुकटीसारखा ताजा गंज, बोट लावलं की बोटाला येणारा. आत्या वाकून बघत होती. बाबा खुर्चीच्या मागे, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीआड धरून उभे.

"तेल लावायला विसरलीस बघ," ते म्हणाले.

तिने तेल लावताना मी शेजारी होते, माझ्याच हातातून तिने फडकं घेतलं होतं. मी काही म्हणणार, तेवढ्यात माझं लक्ष चादरीच्या कडेला गेलं. तिथे बेअरिंग ठेवलेली होती, आणि ती लख्ख होती. तेलाने चमकणारी, जशी तिने ठेवली होती तशीच. तेल विसरलं असतं तर तीही कोरडी दिसली असती. पण त्यांना पाणी लागलंच नव्हतं. मोरीच्या दाराशी पाणी तापवायचं मोठं पातेलं पालथं घातलेलं, त्याच्या बुडाखाली अजून ओल होती. ज्याने कुणी ते सगळं उकळत्या सोड्यातून काढलं होतं, त्याला बेअरिंगला मात्र पाणी दाखवणं जमलं नव्हतं. जन्मभराचा नियम मोडायला हात धजला नसणार.

आत्यानेही तिकडे बघितलं. तिने एक बेअरिंग उचललं, अंगठा फिरवला, तेलाचा डाग बघितला, आणि परत त्याच्या जागी ठेवलं. मग तिने बाबांकडे बघितलं. बाबा ट्रककडे बघत होते.

"आता हे परत सगळं करायला लागणार," बाबा म्हणाले. "असं टाकून कसं जाशील? आठवडा तरी..."

माझं डोकं भडकलं. "बाबा," मी सुरू केलं, तशी आत्याने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मी गप्प झाले. मला वाटलं, संपलं. आता ही पाट ओढणार, हातमोजे घालणार, आणि तिकडे सिस्टर दुसऱ्या बाईला किल्ली देणार. मला खरंच रडू यायला लागलं होतं.

"हो, दादा," आत्या म्हणाली. "विसरले मी."

बाबांनी मान वळवली.

"तेल लावायला विसरले म्हणजे काय झालं, कळतंय ना तुला? इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता माझा भरवसा नाही. आज तेल विसरले, उद्या एखादी चकती घालायची विसरेन. डावं उजवीकडे ठेवेन. उद्या तू गाडी रस्त्यावर काढलीस आणि माझ्या चुकीने चाक निखळलं तर? नको रे बाबा. हे काम आता माझ्याकडून नको."

"अगं, एवढ्यातेवढ्यानं काय..."

"एवढंतेवढं कसं? तूच सांगतोस, या कामात चुकीला माफी नाही."

बाबा यावर काय बोलणार? ती विसरली नाही, असं म्हटलं तर मग गंज कुठून आला ते सांगावं लागणार. ती विसरली, असं म्हटलं तर तिला थांबवायचं कशाच्या जोरावर? त्यांनीच बांधलेल्या भिंतीत ते स्वतःच अडकले होते आणि आत्या शांतपणे पदराला हात पुसत होती.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "संध्याकाळचंही आहे. चल गं, बॅग घे."

बसला पुष्कळ अवकाश होता, पण ती घरात थांबली नाही. आम्ही स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. बॅग तिने मांडीवर घेतली होती, खाली ठेवायला तयार नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला मात्र दम धरवत नव्हता.

"तू विसरली नव्हतीस, आत्या."

"माहीत आहे मला."

"मग तसं तोंडावर का नाही सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं असतं तर तो रडला असता." तिने बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "आणि तो रडला असता तर मी पाटावर बसले असते. परत उठले नसते मी तिथून, कधीच."

बस आली. तिला खिडकी मिळाली. मी खाली उभी राहून उगाच काहीबाही सांगत होते, पोचलीस की फोन कर, पाणी पी. ती ऐकत नव्हती. बस हलायच्या बेतात असताना तिने खिडकीतून हात काढून माझं डोकं जवळ ओढलं.

"त्याच्या हाताला मलम लाव गं. सकाळपासून खुर्चीच्या मागे धरून होता हात. उकळत्या सोड्यात घातलेत त्याने. माझे हातमोजे त्याला होत नाहीत." मग एकदम म्हणाली, "आणि विचारू नकोस त्याला काही."

बस गेली. मी वाटेत औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब घेतली आणि घरी आले. बाबा अंगणातच होते, त्याच खुर्चीवर, लाल झालेल्या पसाऱ्यासमोर. मला बघून त्यांनी हात मांडीखाली घातले.

"बसली?"

"बसली."

"दाखवा हात," मी म्हटलं. मग त्यांनी हात बाहेर काढले. दोन्ही तळवे लालबुंद, बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी होऊन सुटलेली, एका अंगठ्यावर मोठा फोड. कोपरापर्यंत शिंतोडे उडाल्याच्या खुणा. किती वेळ उभे राहिले असतील त्या पातेल्याशी, आणि तोंडातून आवाज न काढता, मधल्या खोलीत ती झोपलेली असताना. मला त्यांचा अजून राग येत होता. मी मलम लावलं, बोट न् बोट.

"उद्या येशील ना?" त्यांनी विचारलं.

"येईन. पण ब्रशला हात लावणार नाही, आत्ताच सांगते."

चहाची वेळ झाली होती. मी आत जाऊन चहा केला, कप आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एका हाताने उचलून बघितलं, मग दुसऱ्या हाताने, मग दोन्ही हातांनी. कप काही त्यांना धरता येईना. शेवटी मी खुर्ची जवळ ओढली आणि कप त्यांच्या तोंडाशी धरला.